सरावात न विचारलेला प्रश्न

गुरुजी, त्या एका संध्याकाळची खरी किंमत मांडायची तर ती अशी होते: तुमच्या मुलीच्या अकरा दुपारी, तिचा घसा, नगराध्यक्षपद, आणि सगळ्यांत शेवटी तुमचं नाव. पहिल्या तिन्हींचं मला फारसं वाटत नाही. दुपारी जायच्याच असतात, घसा मिठाच्या पाण्याने बरा होतो, आणि पदांचं म्हणाल तर माणसं पदावर चढतात तेव्हा भोंगे मी लावतो आणि उतरतात तेव्हा सोडवूनही मीच आणतो. पण परवा तुमच्या मुलीने मला एक साधा प्रश्न विचारला, आणि मी तिला जे उत्तर दिलं ते वर्गात दिलं असतं तर तुम्ही खडू खाली ठेवून माझ्याकडे नुसतं बघत राहिला असता. परवापासून तुमची ती नजर पाठीवर आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तेही दमलोय म्हणून. ताज्या दमाचा माणूस असलं काही लिहीत नाही, तो दुसऱ्या दिवशीच्या सभेचे बॉक्स भरायला जातो.

तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा माझ्याकडे दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि मागे मोठं कॅरियर असलेली सायकल होती. आता दोन टेम्पो आहेत, जनरेटरची गाडी आहे, मोठ्या मैदानाला पुरतील एवढे बॉक्स आहेत. नवापूरकडच्या डोंगरातला, घरी आदिवासींची कोकणी बोलणारा, पुस्तकी मराठी तुमच्याकडून शिकलेला आणि शहरात येऊन अहिराणीत भांडायला लागलेला तुमचा विद्यार्थी आज जिल्ह्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांचा आवाज आहे, असं मी गमतीने म्हणतो. ते खरंही आहे. मी वायर काढली तर ते पहिल्या रांगेपलीकडे पोचत नाहीत. जनरेटरच्या गाडीच्या मागे मी लाल अक्षरांत ‘स्वकष्टार्जित’ असं रंगवून घेतलंय. कुठे सत्कारबित्कार झाला की मलाही दोन मिनिटं बोलायला देतात, आणि त्यात माझं एक वाक्य ठरलेलं असतं: कोंबड्यांच्या शेडवर खाद्याची पोती वाहिली, डोक्यावर भोंगे वाहिले, पण कुणाच्या दाण्यावर मोठा झालो नाही. टाळ्या पडतात. टाळी कुठे पडते ते मला कळतं, जन्मभर दुसऱ्यांच्या मोजत आलो.

माझे कान तुम्हाला आठवत असतील. प्रार्थनेच्या वेळी पन्नास मुलांत कोण गातंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय, हे मी डोळे मिटून सांगायचो. त्याबद्दल तुम्ही मला एकदा शाबासकी दिली होती आणि एकदा छडी. त्याच कानांवर मी धंदा उभा केला. मिक्सरपाशी बसलं की माणूस आतून ऐकू येतो, थुंकी गिळलेली ऐकू येते. आपल्या शहराच्या मावळत्या नगराध्यक्षाला मी असं पंधराएक वर्षं ऐकत आलोय. खोटं बोलताना तो आवाज चढवत नाही, उतरवतो. लोक पुढे झुकतात, आणि झुकून ऐकलेली गोष्ट माणसाला आपल्यालाच कुणी विश्वासाने सांगितल्यासारखी वाटते. आकडा तो कधी गोल सांगत नाही. शंभर नळ दिले म्हणणार नाही, सत्त्याण्णव म्हणेल, म्हणजे स्वतः फिरून मोजून आल्यासारखं वाटावं. व्यापाऱ्यांपुढे दोन वाक्यं गुजरातीत, बाजारात सगळं अहिराणीत, आमच्या डोंगराकडचे मजूर दिसले की आमच्या बोलीतले चार शब्द. एक खोटं पकडायला कुणी तोंड उघडेपर्यंत त्याचं तिसरं सांगून झालेलं असतं. त्याच्या वडिलांना तुम्ही ओळखता. तुम्ही शिकवायचात आणि सांभाळायचात त्या आपल्या वसतिगृहाला धान्य पुरवायचे तेच ते.

त्याच्यासमोर तुमची मुलगी उभी राहिली. तुम्ही तिला नर्सिंगला घातलीत, तिने पुढे तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली. या शहरातल्या कितीतरी मतदारांना जगात आल्याबरोबर पहिल्यांदा तिनेच उचललंय. निवृत्त झाल्यावर घरी बसेल असं वाटलं होतं. पण नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, नवी टाकी बांधून दोन वर्षं कोरडी उभी आहे, आणि कुणी पुढे होत नाही म्हटल्यावर तिने अर्ज भरला. त्यात शहरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाला एक कल्पना सुचली. दोघांना एका मंचावर बसवायचं, प्रत्येकाने सात मिनिटं बोलायचं आणि मग एकमेकांना दोन-दोन प्रश्न विचारायचे. असलं काही आपल्याकडे झालं नव्हतं. तो लगेच हो म्हणाला. हसत हो म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ती माझ्या गोदामाच्या दारात आली, चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, ताई, हे गोदाम आहे, इथे देव नाही, फक्त त्याचे भोंगे आहेत. ती हसली नाही. म्हणाली, “भाऊ, मला त्याच्यासारखं बोलायला शिकवू नका. त्याच्यासमोर बोलायला शिकवा.”

मग अकरा दुपारी आम्ही बॉक्सच्या थप्प्यांमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर टाकून बसलो. मी तो व्हायचो. पहिल्या दुपारी मी सात मिनिटांत नऊ खोटी सांगितली. तिने दवाखान्यातल्या सवयीने नऊच्या नऊ कागदावर एकाखाली एक लिहून घेतली, पहिल्यापासून उत्तरं द्यायला लागली, आणि वेळ संपली तेव्हा ती दुसऱ्यावर होती. मी विचारलं, दारात नऊ पेशंट आले तर तुम्ही काय रांगेने घेता? ती म्हणाली, नाही, ज्याला रक्त येतंय त्याला आधी. मी म्हटलं, मग इथेही तेच. नवांतलं एकच उचला, आणि तेही लोकांना स्वतःच्या घरात तपासता येईल असं. पाण्याचं उचला. कागद दाखवू नका, कागद त्याच्याकडेही असतो आणि त्याच्यावर शिक्काही असतो. लोकांनाच विचारा. त्याला खोटारडा म्हणू नका. म्हटलं की सभेचे दोन भाग पडतात आणि जो तो आपल्या माणसाच्या बाजूने कान बंद करतो. त्याने खोटं सांगितलं की तीन श्वास गप्प राहा. माईकवर शांतता फार मोठी ऐकू येते, समोरच्यालाच ती आधी चावते. हे सगळं तिने मान डोलवत ऐकलं. मग मी शेवटचं सांगितलं की त्याचं वाक्य कधी आपल्या तोंडात घ्यायचं नाही, उत्तर द्यायलासुद्धा नाही. तिथे तिने पेन खाली ठेवलं.

का ठेवलं ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा नियम नेमका उलटा होता. मला तो कसा लागला ते मात्र लिहितो, कारण त्या दिवशीचा धूर अजून डोळ्यांत आहे. शेती बरी की नोकरी बरी, असा विषय तुम्ही दिला होता. मी नोकरीकडून, आणि माझ्यासमोर धडगावकडचा तो अबोल मुलगा, ज्याची मराठी माझ्याहूनही लंगडी होती. तो एवढंच म्हणाला होता की शिकलेल्याने शेती केली तर ती जास्त चांगली होईल. मी उठून म्हणालो, हा म्हणतो शेतकऱ्याने शिकूच नये. मुलं हसली, तो लाल होऊन खाली बसला. मी जिंकलो. तुम्ही निकाल सांगितला नाही. जेवणं झाल्यावर तुम्ही आम्हा दोघांना वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवता. स्वयंपाकाच्या मावशी उद्याच्या डाळीतले खडे निवडतायत, ओल्या लाकडांचा धूर आहे, आणि तुम्ही मला सांगता की ह्याचं म्हणणं ह्याच्यापेक्षा चांगलं सांग, हा ‘हो’ म्हणेपर्यंत सांग. मी सांगतो. तो मान हलवतो, नाही. मी पुन्हा सांगतो. नाही. चारदा नाही म्हणतो. पाचव्यांदा तो हळूच ‘हां’ म्हणतो, आणि तुम्ही म्हणता, “आता उत्तर दे. आता तुला अधिकार आहे.” तोपर्यंत माझ्याकडे उत्तर उरलेलं नसतं. मी आयुष्यात इतका स्वच्छ हरलो नाही.

तुमच्या घरातही हेच चालायचं म्हणे. आई-बाबांचं भांडणसुद्धा असंच व्हायचं, ती सांगत होती, आधी एकमेकांची बाजू सांगायची आणि मग रागवायचं, त्यात रागच निघून जायचा. मी म्हटलं, ताई, गुरुजींनी समोर बसवलेला मुलगा जे बोलत होता ते त्याच्या मनातलं होतं. ह्याच्या मनात काहीच नाही. ह्याचं म्हणणं तुम्ही नीट मांडलंत तर त्याच्या खोट्याची भिंत तुम्हीच बांधून दिलीत. शिवाय आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, कुठून कापतील आणि कुठे चिकटवतील सांगता येत नाही. तिला पटलं. पटलं तरी सवय जाईना. “तुमचं म्हणणं असं की” हे शब्द तिच्या तोंडून सुटायचे आणि मी टेबलावर चमचा वाजवायचो. आठव्या दिवशी चमचा दोनदा वाजला, नवव्या दिवशी एकदाही नाही. मी खूश होतो. मला वाटलं, तुमच्या नियमाला मी एक चांगली दुरुस्ती केली.

आता जे लिहितोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. चर्चेच्या चार दिवस आधी त्याची कोपरा सभा होती आणि आवाज माझाच होता. मी दोन्हीकडे जातो, ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सभा संपल्यावर मी मंचामागे वाकून केबल गुंडाळत होतो. तो आपल्या माणसाला हळू आवाजात सांगत होता, “मास्तरना धान्यनी गोट शेवटले काढसूत. तोवर तिले बोलू दे.” दुसऱ्या कुणाला ते ऐकू गेलं नसतं. मला गेलं. मास्तर म्हणजे तुम्ही, हे मला लगेच कळलं, आणि मी उरलेली केबल गुंडाळून टेम्पोत टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, खुर्च्या मांडल्या, मी तो झालो. दवाखान्यातली औषधं विकली म्हणालो, मुलाच्या नावावर प्लॉट घेतला म्हणालो, नवऱ्याच्या दुकानाच्या अतिक्रमणाचा विषय काढला, अगदी तिच्या चालण्याची नक्कल केली. त्याच्या पोतडीतलं होतं नव्हतं ते सगळं तिच्यावर फेकलं. धान्याचं तेवढं काढलं नाही. मनाशी म्हटलं, बापाचं नाव निघालं तर ही आजच खचेल, उरलेल्या तीन दिवसांत सावरणार नाही. कारण तसं वाईट नव्हतं. फक्त ते खरं कारण नव्हतं.

चर्चा शाळेच्या मैदानावर होती, ऊन कलल्यावर. मंडळाच्या आजोबांनी टेबलावर घड्याळ ठेवलं होतं. तो आधी बोलला, आणि फार छान बोलला. रोज पाणी येतं असं त्याने खरोखरच सांगितलं, आकड्यासकट, तोही गोल नाही. मग ती उठली. तीन श्वास थांबली. मी मिक्सरवर तिचा आवाज अर्धं घर वाढवला, एवढी लबाडी मला माफ असावी. ती म्हणाली, मी पाण्याबद्दल काही सांगणार नाही, ज्यांच्या नळाला आज पाणी आलं त्यांनी हात वर करावा. गुरुजी, तेवढ्या मैदानात एक हात वर झाला नाही. कुठेतरी मागे कुणी हसलं. ती पुढे म्हणाली, काल आलं त्यांनी करा. परवा आलं त्यांनी. तेव्हा दोन-तीन गल्ल्यांचे हात वर गेले. ती खाली बसली, सात मिनिटांतली साडेतीन वापरून. मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या माईकवर कोरडा घोट ऐकला. बाया आपसात बोलायला लागल्या होत्या. मैदान तिच्याकडे वळलं होतं, हे मी कानांनी सांगतो, मला डोळ्यांची गरज नव्हती.

मग प्रश्न झाले. त्याचा दुसरा प्रश्न शेवटचा होता. त्याने आवाज उतरवला. “ताई मन्ही बहीण शे. पन एक गोट इचारस. वसतिगृहना पोता गाडीमा भरीसन कोठे गयात, हाई आपला बापले तिनी कधी इचारं का?” मैदान पुढे झुकलं. तिने ह्याची कधी कल्पनाच केली नव्हती. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या हातात सूत्रसंचालकाचा जादा माईक होता, चालू. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी बोललो नाही. ती उठली, आणि अकरा दुपारी जे शिकवलं होतं ते तिच्या अंगावरून गळून पडलं. बापावर प्रश्न आला तशी ती बापाच्या नियमाकडे गेली. सरळ उभी राहिली आणि बाळंतिणीच्या नातेवाइकांना सांगावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाली, “माझ्या वडिलांनी वसतिगृहाचं धान्य गाडीत भरून बाहेर नेलं.” श्वास घेतला. “असं तुमचं म्हणणं आहे. ते मी नीट सांगितलं का?” तो हसून म्हणाला, अगदी नीट. मग ती उत्तर द्यायला लागली, पण तिला काही माहीतच नव्हतं. माझे वडील तसे नव्हते, एवढंच तीन वेळा म्हणाली.

तिचं पहिलं वाक्य त्या रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत प्रत्येक फोनवर होतं. श्वासाच्या आधी कापलेलं. लोकांनी ते बाजारात ऐकलं, रेशनच्या रांगेत ऐकलं, सलूनमध्ये ऐकलं. आवाज फार स्वच्छ आला होता. माझ्याकडच्या सगळ्यांत भारी माईकवर तिला बोलायला दिलं होतं मी. निकाल लागला तेव्हा ती थोडक्या मतांनी मागे होती. विजयाच्या मिरवणुकीचा आवाजही माझाच ठरलेला होता, मी गाडी पाठवली, स्वतः गेलो नाही.

परवा मी तिच्या घरी गेलो. चहा झाला. कपबशा उचलत ती म्हणाली, टाकीवर अर्ज करत राहू, दुसरं काय. मी उठलो, दारापर्यंत आलो, तेव्हा तिने मागून विचारलं, “भाऊ, खरं सांगज्यात. बाबानी नेलं व्हई का ते धान्य?” पन्नाशी उलटलेली बाई, पण विचारलं ते तुमच्या पोरीनेच. मी चपलेत पाय घालत होतो. खाली बघूनच म्हणालो, “मले काय माहीत ताई, मी तवय धाकला व्हतू.” ती बरं म्हणाली. आता ती तो प्रश्न कुणालाच विचारणार नाही. विचारायला कुणी उरलेलंच नाही, तिची आई, आमच्या काकू, त्याही गेल्या. ती मनात धरून बसेल की बाबांनी नेलं असेल. तुमच्या फोटोला हार घालताना तो विचार तिच्या हाताशी असेल.

मी लहान होतो हे खरं, पण बारा वर्षांचा होतो आणि कान हेच होते. त्या वर्षी माझा बाप मोहाच्या झाडावरून पडून मांडी मोडून घरात पडलेला होता. मजुरी बंद होती. चर्चच्या लोकांनी पिठाचा डबा आणला तर त्याने तो पडल्या पडल्या परत पाठवला. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला कळलं कसं तेही माहीत नाही. शनिवारी मी तुमच्या परसात पाणी भरत होतो. आत काकू आणि तुम्ही तुमच्या गावाहून, ब्राह्मणपुरीहून आलेली तुमच्या वाट्याची ज्वारी वसतिगृहाच्या रिकाम्या पोत्यांत भरत होता, निळ्या शिक्क्याच्या. काकू म्हणाल्या, “घरनी ज्वारी, आनि सरकारनी शे असं कसाले सांगतस?” आणि तुम्ही म्हणालात, “घरनी सांगी तं त्याना बाप हात लावत नही.” रविवारी तुम्ही वसतिगृहाची बैलगाडी घेऊन आमच्या घरी आलात. माझ्या बापाला सांगितलं की वसतिगृहातल्या मुलांच्या घरी धान्य द्यायची सरकारची नवी योजना आली आहे, आणि वहीच्या कागदावर चार ओळी लिहून त्याचा अंगठाही घेतलात. बापाने अंगठा फार गंभीरपणे दिला. सरकारचं म्हटल्यावर त्याला ते हक्काचं वाटलं. तुमच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं, आणि मी ते दारामागून ऐकलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

रिकामी पोती महिन्याच्या महिन्याला मोजून पुरवठादाराकडे परत जायची, हे तुम्ही विसरलात, किंवा विसरला नसाल. त्या महिन्यात दोन कमी भरली. तुम्ही त्याच्या किडक्या ज्वारीबद्दल वर लिहिलंच होतं, त्याला एवढं पुरलं. त्याने तक्रार केली आणि तपासायला साहेब आले. तुमच्या खोलीच्या खिडकीखाली मी उभा होतो. पोती कुठे गेली म्हणून त्यांनी विचारलं. मला वाटलं तुम्ही आता सगळं सांगाल. तुम्ही म्हणालात, मी नेली, भरून देतो. भरून काय देतो, रिकामी पोती ती, पण साहेबांनी ते धान्यासकट ऐकलं आणि तुम्ही त्यांना सुधारलं नाहीत. सुधारलं असतं तर माझ्या बापाचा तो अंगठ्याचा कागद टेबलावर आला असता आणि आठवड्याच्या बाजारात लोक त्याला हसले असते. वर्ष संपताना तुमची बदली झाली. मी तुमचं सामान गाडीत चढवू लागलो तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, ऐकलेलं सगळं बोलायचं नसतं. ते मी इतकं चांगलं पाळलं गुरुजी, की तुमच्याच मुलीला पाडलं.

बापाची लाज राखायची म्हणून मी गप्प राहिलो असं म्हणायची सोय आहे, पण बाप जाऊन तीस वर्षं झाली, त्याला आता कोण हसणार. मैदानावर माईक हातात असताना मला दिसत होती ती जनरेटरची गाडी. ती मंचाच्या बाजूलाच लावलेली होती, ‘स्वकष्टार्जित’ लिहिलेली मागची बाजू लोकांकडे. कालपासून दोनदा मी तिच्या दारावरून टेम्पो नेला आणि दोन्ही वेळा गिअर न बदलता पुढे गेलो. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. तिचं घर चार गल्ल्यांवर आहे, तिला पोचू शकतं, आणि तिला द्यायचं धाडस मला अजून झालेलं नाही. ते इथे मिक्सरच्या खोक्यात, जुन्या माईकच्या जाळ्यांखाली राहील, निदान आज तरी. ती दोन पोती आम्ही घरातल्या माणसांनी खाल्ली. पाऊस लागल्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात दुसरा दाणा नव्हता.